बेडूक हलत नाही, तर काय समजायचं?



आज बेडकावर बोलणार आहे. हसू नका. गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब लिहून झाला, वही बंद केली, तेव्हा आमच्या एका सदस्य ताईनं हळूच विचारलं, "ताई, बेंडूक बिमार पडला हे कसं ओयखाव?" सगळ्या हसल्या. मग तिनं सांगितलं. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्यानं हौसेनं एक शिंगाचा बेडूक विकत घेतला, काचेच्या पेटीत ठेवला. होळीला गावी आला तेव्हा पेटीसकट आणला आणि खोली बदलायची आहे म्हणून आईजवळ ठेवून गेला. पंधरा दिवस झाले, तो मातीत अर्धा रुतून बसला आहे, खात नाही, हलत नाही. मेला तर लेकरू रागावेल आणि मुका जीव आपल्या हातून गेला असं होईल, ही तिची काळजी.

हसणं थांबलं, कारण लगेच दुसरी म्हणाली की तिच्या न्हाणीतला बेडूक पांढरा पडला आहे. तिसरी म्हणाली, विहीर खोल करताना ढेकळातून मेलेले बेडूक निघाले आणि एक तासाभरानं चालायला लागला. म्हणजे बेडूक घरात, वावरात, विहिरीत सगळीकडे आपल्यासोबत राहतो, पण त्याला काय होतं हे आपल्याला कळत नाही. गाय रवंथ करत नसेल, शेळीचे कान थंड पडले असतील, तर आपण लगेच ओळखतो. कोंबडी मान टाकून बसली तर सांगावं लागत नाही. बेडकाचं शरीरच वेगळं, म्हणून आपले हे अंदाज त्याला लागू पडत नाहीत.

पहिली गोष्ट त्याची कातडी. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून तो पाणी आत ओढून घेतो. ओल्या जागेवर पोट टेकवून बसला की समजा पाणी पीत आहे. श्वास फुप्फुसानं घेतो तसाच कातडीतूनही घेतो, आणि त्यासाठी कातडी ओली हवी. जी कातडी पाणी आत घेते ती पाण्यातलं बाकी सगळंही आत घेते. मीठ, साबण, ब्लिचिंग पावडर, फवारणीचं औषध, तुमच्या हाताची तंबाखू. हे एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

दुसरी गोष्ट, त्याचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. भोवतालची हवा जशी, तसं त्याचं अंग. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात ओल्या कातडीचा जीव दिवसभर बाहेर राहिला तर वाळून मरेल. म्हणून तो जमिनीत जातो.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांमध्ये, धुऱ्याच्या दगडांखाली, विहिरीच्या कपारीत, नाल्याच्या गाळात बेडूक शिरून बसतात. काही जातीचे बेडूक तर खोदणारेच आहेत. आखूड पायांचा, गोल गरगरीत भुई-बेडूक तुम्ही पाहिला असेल. त्याच्या मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. तो पाठमोरा खोदत जातो, म्हणजे तोंड वर आणि बूड खाली, आणि माती आपोआप त्याच्या अंगावर पडत जाते. आत गेल्यावर तो खाणं बंद करतो. श्वास मंदावतो, हृदय सावकाश चालतं, अंगातली चरबी पुरवून पुरवून वापरतो. मूत्राशयात साठवलेलं पाणी पुन्हा अंगात घेतो. याला उन्हाळी झोप म्हणा. पावसाचं पाणी मुरलं की तो वर येतो. म्हाताऱ्या बाया सांगतात की मेलेला बेडूक पहिल्या पावसात जिवंत होतो. तो मेलेला नसतोच, पण त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं आहे.

म्हणून उन्हाळ्यात विहीर खोल करताना, शेततळं खोदताना, नाल्यातला गाळ काढताना बेडूक निघाला तर मेला म्हणून उन्हात फेकू नका. आपल्याकडे ही सगळी खोदाई नेमकी एप्रिल-मेमध्येच होते, जेसीबीच्या एका बकेटमध्ये किती जीव वर येतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ढेकळासकट उचला, झाडाच्या सावलीत ओलसर माती असेल तिथे ठेवा, वरून थोडी माती टाका. पाण्याच्या बादलीत टाकू नका. झोपेतला बेडूक हातपाय हलवू शकत नाही, खोल पाण्यात बुडून मरू शकतो. हे ऐकून नवल वाटेल, पण खरं आहे.

आता त्या शिंगाच्या बेडकाकडे येते. हा आपल्या देशातला नाही. दक्षिण अमेरिकेतला, अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील, पॅराग्वे या भागातला. ज्याला शिंग म्हणतात ते हाड नाही, डोळ्यांवरच्या कातडीचं टोक आहे. तोंड एवढं मोठं की अर्धा बेडूक तोंडच वाटतो. तो शिकारीमागे धावत नाही. मातीत किंवा पाल्यात डोळ्यांपर्यंत रुतून बसतो आणि काही जवळून गेलं की झडप घालतो. तासन् तास, दिवसेंदिवस एकाच जागी बसणं हा त्याचा धंदाच आहे. कधी मागच्या पायाचं बोट किड्यासारखं वळवळवतो, म्हणजे भक्ष्य जवळ यावं. ते पाहून पायाला झटके येतात असं वाटू शकतं.

त्याच्याही मुलखात कोरडे महिने येतात. तेव्हा तो जमिनीत शिरतो, अंगाची जुनी कातडी न टाकता एकावर एक थर चढू देतो आणि त्याचा कागदासारखा कोष तयार होतो. त्यानं आतली ओल टिकते. पेटीतली माती कोरडी पडली, हवा फार तापली, की घरातला पाळलेला बेडूकही तसंच करू पाहतो. कोणी पाहिलं तर वाटावं कातडी सुकली, बेडूक मेला.

आमच्या ताईच्या घरी गेले तेव्हा पेटी टिनाच्या छपराखाली, खिडकीजवळच्या फळीवर होती. दुपारी तिथे हात ठेवला तर फळी तापलेली. या बेडकाला २४ ते २८ अंशांची हवा मानवते. टिनाखाली एप्रिलच्या दुपारी काय होत असेल ते तुम्हीच समजा. तो मातीत गेला होता ते शहाणपणानंच गेला होता.

दुसरी गोष्ट मात्र शहाणपणाची नव्हती, आणि ती बेडकाच्या हाती नव्हती. तिचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे, तिथलं जमिनीतलं पाणी खारं. ज्यांचं माहेर किंवा सासर तिथलं त्यांना सांगायला नको. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. ताई पेटीतल्या वाटीत रोज ताजं पाणी भरत होती, तेही अगदी मनापासून, पण बोअरचं. आता कैरीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं? पाणी सुटतं. खाऱ्या पाण्यात बसलेल्या बेडकाचंही तेच होतं. पाणी अंगात जाण्याऐवजी अंगातलं बाहेर निघतं. म्हणून तो वाटीजवळ फिरकत नव्हता.

आम्ही केलं ते एवढंच. पेटी फळीवरून काढून माठाच्या घडवंचीजवळ जमिनीवर ठेवली, जिथे आपण दुपारचं लेकरू झोपवतो. कूलरच्या झोतात ठेवली नाही, वाऱ्यानं कातडी वाळते. पेटीवर ओलं गोणपाट. पाणी नळाचं, पण त्यात ब्लिचिंग पावडर असते म्हणून उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरलं. क्लोरीन उडून जातो. माती काढून कोकोपीट भरलं, कारण घरची माती वावरातून आणलेली होती आणि वावरात मागच्या हंगामात काय काय फवारलं होतं कोण जाणे. कोकोपीट मुठीत दाबलं तर एखादा थेंब निघावा एवढं ओलं. पाणी एवढंच की पोट भिजेल आणि नाक वर राहील. मग त्याला हात न लावता सोडून दिलं. नवव्या दिवशी तो वाटीत बसलेला दिसला. जूनमध्ये मुलगा येऊन घेऊन गेला तेव्हा गांडुळं खात होता.

खाण्याचं सांगायचं राहिलं. मोठा झालेला शिंगाचा बेडूक आठवड्यातून एकदा-दोनदा खाल्लं तरी पुरतं. आपण आया, समोरचा उपाशी दिसला की जीव तुटतो. पण हा बेडूक समोर आलेलं सगळं गिळतो, भूक असो नसो, आणि पाळलेल्यांमध्ये उपासमारीपेक्षा जास्त खाऊन फुगल्याचाच त्रास जास्त दिसतो. भात, पोळी, दूध तर बेडकाला द्यायचंच नाही. त्याला हलणारं भक्ष्य लागतं. गांडूळ, झुरळ, नाकतोडा चालतो, फक्त फवारलेल्या वावरातला नको. पेटीत बारीक गिट्टी ठेवू नये. झडप घालताना खडा पोटात जातो आणि आतड्यात अडकतो. आणि बोट जवळ नेऊ नका, तो चांगला चावतो.

आता आपल्या घरच्या बेडकांचं. ज्या गोष्टी पाहून आपण घाबरतो त्यातल्या बऱ्याच त्याच्या रोजच्या आहेत. न्हाणीत, मोरीजवळ, भिंतीला चिकटून बसणारा तो झाडावरचा बेडूक. बोटांच्या टोकाला चकत्या असतात, त्यानं तो भिंत चढतो. त्याचा रंग बदलतो. उजेडात, उष्ण कोरड्या हवेत फिकट, जवळपास पांढरट, आणि ओल्या अंधारात तपकिरी. तेव्हा पांढरा पडला म्हणून काळजी नको. पावसाळ्यात सिमेंटच्या टाकीच्या भिंतीला पाण्याच्या वर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसतो, साबणाचा फेस समजून आपण ब्रशनं घासून टाकतो. तो याच्या मादीनं मागच्या पायांनी घुसळून केलेला असतो, आत अंडी असतात. काही दिवसांत पिल्लं खाली पाण्यात गळतात. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर ती साफ ठेवावीच लागते, तिथे माझं काही म्हणणं नाही. गुरांच्या हौदावर असेल तर चार-सहा दिवस दम धरा.

बेडूक तोंड वासतो, अंग वेडंवाकडं करतो, मागच्या पायांनी पाठ खाजवतो, डोळे मिटतो. घशात काही अडकलं असं वाटतं. तो कात टाकत असतो. सापासारखी कात पडलेली मिळत नाही, कारण ती तो ओढून तोंडात घालतो आणि खाऊन टाकतो. गिळताना डोळे आत जातात, तेही बरोबर आहे. डोळ्यांचे गोळे टाळूकडे दाबून तो घास खाली ढकलतो. काही वाईट खाल्लं तर जठरच उलटं करून तोंडाबाहेर काढतो, पायानं पुसतो आणि पुन्हा गिळतो. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, वाचलेलं आहे, पण शास्त्रज्ञांनी त्याचं चित्रण केलं आहे.

पहिला दमदार पाऊस पडला की वावराच्या डबक्यात हळदीसारखे पिवळे बेडूक दिसतात, गालाच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. मिरगाच्या पावसात दरवर्षी कोणीतरी मोबाईलवर फोटो पाठवतं की हे विषारी बेडूक आलेत. हा आपला नेहमीचा मोठा बेडूक. नर तेवढे दिवस पिवळे होतात, मादी हिरवट तपकिरीच राहते. निळे फुगे आवाजाचे. एकावर एक बसलेले दिसले तर ती मारामारी नाही, विणीचा काळ आहे, त्यांना काडीनं सोडवायला जाऊ नका. आणि पावसाळ्याच्या रात्री लेकरू किंचाळल्यासारखा लांब आवाज आला तर बहुतेक बेडकाला सापानं धरलेलं असतं. तिकडे अनवाणी, बॅटरीशिवाय जायचं नाही.

खरबरीत अंगाचा, उड्या कमी आणि चाल जास्त असा भेक अंगणातल्या दिव्याखाली किडे खायला येतो. त्याला शिवलं की चामखीळ येते असं आपण लहानपणापासून ऐकलं. चामखीळ विषाणूमुळे होते, भेकाशी तिचा संबंध नाही. मात्र त्याच्या कानामागे ज्या फुगीर गाठी असतात त्यातून, त्याला दाबलं किंवा चावलं तर, दुधासारखं विष निघतं. डोळ्यांत गेलं तर आग होते, भरपूर पाण्यानं धुवा. कुत्र्यानं तोंडात धरला तर त्याला फेस येतो. कुत्र्याचं तोंड एका बाजूला खाली करून पाण्यानं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि पशुवैद्यकाकडे न्या. भेक अंग फुगवून चारी पायांवर उंच उभा राहतो ते सापाला दाखवायला, की मी तुझ्या तोंडात मावणार नाही. ती सूज नाही.

मग खरा आजारी बेडूक कसा दिसतो? सगळ्यात सोपी परीक्षा अशी. ओल्या हातानं त्याला हलकेच पाठीवर करा. धड बेडूक लगेच पलटी मारतो. पलटत नसेल, पाय लोंबत असतील, तर तो संकटात आहे. उन्हाळी झोपेतल्या बेडकाला ही परीक्षा लागू नाही, त्याला उठवायचंच नाही. पोटाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लाली किंवा रक्ताचे ठिपके असतील तर तो जंतूंचा आजार आहे, घाण पाण्यात ठेवलेल्या बेडकांना हमखास होतो. डोळे दुधाळ. कातडी कोरडी, बोटाला चिकटणारी. पाठीचं आणि कमरेचं हाड वर आलेलं. अंग पाणी भरल्यासारखं सगळीकडून फुगलेलं, आणि तासाभरानंही न ओसरलेलं. पेटीतल्या बेडकाचं नाक काचेवर आपटून सोललेलं. खालचा जबडा मऊ पडून लोंबणारा, हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण, आपल्या हाडांसारखंच. यातलं काहीही दिसलं तर पहिलं काम पाणी बदलणं, कारण बेडकाची लघवी आणि विष्ठा ज्या पाण्यात पडते त्यातच तो बसतो आणि तेच कातडीतून परत आत जातं.

घरचे उपाय मात्र नकोत. हळद, चुना, मीठ, तेल, आपली जखमेची मलमं, काही नाही. हळद आपल्यासाठी चांगली, पण बेडकाच्या कातडीवर लावलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्याला पाजलेली गोष्ट. हाताला तंबाखू-चुना लागलेला असेल तर त्या हातानं शिवूच नका, तंबाखूतलं निकोटिन त्याला विष आहे. न्हाणीतला बेडूक हाकलायला काही घरी मिठाची मूठ फेकतात. हे मला अजिबात पटत नाही. खराटा आणि सूप पुरतं. सुपात घ्या आणि परसात सोडा. पाळलेल्या बेडकासाठी पशुवैद्यकाला दाखवायचं तर आधी फोन करून विचारा, कारण तालुक्याच्या दवाखान्यात गायी-म्हशी आणि शेळ्याच येतात. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, अशा जिवाला कुठे दाखवावं याची चौकशी तिथे करता येते. नेताना ओल्या कापडाच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून, आणि दुपारी नाही.

आणखी एक सांगते. बेडूक सांभाळणं झेपलं नाही तर तो नाल्यात सोडून देऊ, असं कोणाच्याही मनात येईल. शिंगाचा परदेशी बेडूक सोडायचा नाही. आपलाच मोठा बेडूक माणसांमुळे अंदमानात पोहोचला आणि तिथे तो आता उपद्रव झाला आहे. त्याची पिल्लं दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, तो स्वतः सरडे आणि कोंबडीची बारकी पिल्लंही सोडत नाही. जो जीव आपल्या धुऱ्यावर उपकाराचा, तोच परक्या जागी असा वागतो. परत द्यायचा तर ज्याच्याकडून घेतला त्यालाच. आणि आपल्या रानातले बेडूक पकडून बरणीत ठेवायची हौस लेकरांना असते, ती एका दुपारीच संपवा. वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्यांना संरक्षण आहे, आणि बरणीतलं पाणी दुपारपर्यंत उकळतं.

या बेडकांची किंमत सरकारलाही उशिरा कळली. एकेकाळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांत खाण्यासाठी जात. १९८० च्या सुमारास वर्षाला तीन-चार हजार टन. एका टनात किती बेडूक बसत असतील! शेतातले बेडूक कमी झाले आणि किडी वाढल्याची ओरड झाली, तेव्हा १९८७ मध्ये सरकारनं ही निर्यात बंद केली.

आता आपल्या वावरात बेडकाला कोण मारतं? बहुतेक वेळा आपला फवारणीचा पंप. कपाशीची फवारणी आणि बेडकाची वीण एकाच वेळी, जुलैपासून पुढे. अंडी आणि पिल्लं पाण्यात असतात, आणि पंप कुठे धुतला जातो? विहिरीच्या काठावर, नाल्यात, शेततळ्यात. तणनाशक पानाला चिकटावं म्हणून त्यात जो स्टिकर असतो तो बेडकाच्या पिल्लांना फार वाईट, ती कल्ल्यांनी श्वास घेतात. काही कीटकनाशकं मज्जातंतूंवर काम करतात. असं औषध लागलेला बेडूक मागचे पाय ताठ करून थरथरतो, मग लुळा पडतो. डबक्याच्या काठावर असे दोन-चार बेडूक एकदम दिसले तर तो त्यांचा आजार नाही. ते पाणी गुरांना पाजू नका, भांडी-कपड्यांना घेऊ नका, लेकरांना त्यात उतरू देऊ नका.

हे मी बेडकाच्या दयेनं सांगत नाही, किंवा तेवढ्यासाठीच सांगत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची बाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ज्या औषधानं बेडूक थरथरतो त्याच जातीच्या औषधानं माणसाला घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, हातपाय थरथरतात. फवारणारे पुरुष असतात, पण ड्रममध्ये पाणी आणून टाकणाऱ्या, औषध कालवणाऱ्या आणि संध्याकाळी ते ओले कपडे हातानं धुणाऱ्या आपणच. यातलं एकही लक्षण दिसलं तर अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरला कोणतं औषध होतं ते कळलं तर उपचार लवकर होतो.

पंप धुण्याची जागा ठरवा. विहीर, नाला, शेततळं यांपासून लांब, आणि धुतलेलं पाणी त्याच फवारलेल्या वावरात टाका. खारपाणपट्ट्यातल्या बायांनी तर शेततळ्याला जिवापाड जपावं, कारण तिथे पावसाचं गोडं पाणी तेवढं एकच असतं, आपल्यालाही आणि बेडकालाही. रिकाम्या बाटल्या शेततळ्यात बुडबुडवून धुवायच्या आणि त्यात घासलेट ठेवायचं, हे अजूनही मी गावोगाव पाहते. बाटलीला भोक पाडा म्हणजे ती परत वापरात येणार नाही.

धोंडीचंही विचारलं होतं एका काकूंनी. पाऊस लांबला की आपल्याकडे पोरं मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लावून दारोदार फिरतात आणि आपण वरून पाणी घालतो. रीत जुनी आहे, पोरांचा आनंद आहे, मोडा असं मी म्हणणार नाही. पण बांधलेला बेडूक उन्हात दोन-तीन तासांत वाळतो आणि दोरीनं त्याची कातडी सोलते. काळ्या मातीचा बेडूक करा. आमच्या गटाच्या पोरींनी गेल्या वर्षी केला, डोळ्यांच्या जागी दोन गुंजा लावल्या. पाणी घालता घालता तो विरघळून गेला तेव्हा पोरी खूप हसल्या.

पुढच्या वेळी कोंबड्यांच्या मानमोडीवर बोलणार आहे, लस कधी टोचायची ते. तुमचे प्रश्न गटाच्या सचिवाकडे लिहून द्या.